साधंच काहीतरी

"अगं, दमली असशील. फार काही करत बसू नकोस. साधंच काहीतरी कर."

हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या सहा वर्षांत हजार वेळा तरी म्हटलं असेल. आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल. बघा, किती समंजस नवरा! पुरणपोळी मागत नाही, ताटाची डावी-उजवी बाजू मागत नाही. पिठलं-भात चालतो, खिचडी चालते, अगदीच वेळ आली तर दूध-पोळीसुद्धा चालते. माझ्या वडिलांना रात्रीची पोळी तव्यावरून थेट ताटात लागायची. मी सकाळची पोळी मुकाट्याने खातो. एका पिढीत केवढी ही प्रगती!

तर मंडळी, आज या वाक्याशी भांडायचं आहे. आधी स्वतःशी, मग तुमच्याशी. ज्यांना वीकेंडला भांडण नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही. :-)

झालं असं. आम्ही दोघंही आयटीवाले, कंपन्या वेगळ्या, घर पुण्यात. सकाळी दोघं साधारण एकाच वेळी निघतो, एकाच ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि सातच्या आसपास घरी येतो. साडेसातला माझे अमेरिकेतल्या टीमबरोबरचे कॉल सुरू व्हायचे, आठवड्यातले पाचही दिवस. ते साडेनऊपर्यंत चालायचे. मध्ये कधीतरी शेजारी ताट यायचं. मी हेडफोन लावूनच जेवायचो, आपली पाळी आली की घास गिळून म्यूट काढायचो. चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

एका शुक्रवारी कॉल लवकर संपला म्हणून आम्ही एकत्र जेवायला बसलो. आमटी वाढता वाढता बायको म्हणाली, "लीडचं परत विचारलंय मला."

"अरे वा! पण परत म्हणजे?"

"दीड वर्षापूर्वी विचारलं होतं ना. तेव्हा नाही म्हणाले होते मी."

"का?"

"संध्याकाळचे कॉल असतात त्यात. साडेसात ते साडेनऊ. मग स्वयंपाकाचं काय करणार होतो आपण?"

"मग तेव्हा बोलायचं नाहीस का मला?"

"बोलले होते की. तू म्हणालास, त्यात काय एवढं, साधंच काहीतरी करत जाऊ."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला बाजू तरी मांडता आली असती. तिने भात वाढला, लिंबाची फोड पुढे सरकवली आणि विषय संपला. मला मात्र तो भात काही गोड लागला नाही. 'करत जाऊ' हे मी तेव्हा अनेकवचनात म्हणालो होतो. ते ऐकताना त्यातलं एकवचन कोणतं हे तिला बरोबर कळलं होतं.

मग मी आमच्या क्षेत्रातल्या सवयीप्रमाणे प्रॉब्लेम सुटा करून बघायला बसलो. 'साधंच काहीतरी' म्हणजे नेमकं काय? मटकीची उसळ घ्या. साधी आहे ना? फोडणी, कांदा, मटकी, गोडा मसाला, मीठ, गूळ, वरून खोबरं-कोथिंबीर. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पण ही उसळ सोमवारी रात्री ताटात यायला हवी असेल तर मटकी शनिवारी रात्री भिजवावी लागते, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते आणि मोड येईपर्यंत ते फडकं कोरडं पडत नाही ना हे बघावं लागतं. म्हणजे सोमवारी काय खायचं हे कोणीतरी शनिवारीच ठरवलेलं असतं. मी तेव्हा सिनेमा बघत असतो.

कढी? अगदी साधी. पण आदल्या रात्री दूध कोमट असताना विरजण लागलेलं असलं तर. पिठलं? दहा मिनिटं. पण डब्यात बेसन आहे का, मिरच्या आहेत का, कोथिंबीर काळी तर पडली नाही ना, हे डोक्यात कोणाच्या आहे? आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात. म्हणजे पोळ्यांचा प्रश्न सुटला असं मी सहा वर्षं समजत होतो. पण आज किती पोळ्या, कणीक संपत आली, गहू दळायला टाकायचे, मावशी उद्या येणार नाहीत म्हणून पर्यायी व्यवस्था, हे सगळं मावशी कोणाला सांगतात? मी दार उघडलं तरी त्या माझ्याकडे बघून विचारतात, "ताई आहेत का?"

आपल्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाक हा फक्त कोडिंगचा भाग झाला. रिक्वायरमेंट गोळा करणं, डिझाईन, स्टॉक बघणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चोवीस तास चालणारा प्रॉडक्शन सपोर्ट, हा भाग वेगळाच. हे काही माझं संशोधन नव्हे. अॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली अमेरिकेतल्या जोडप्यांच्या मुलाखतींवरून एक शोधनिबंध लिहिला. घरातल्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार भाग पाडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग ते नीट होतंय ना यावर लक्ष ठेवणं. त्यात निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळून घेत होते. पण गरज ओळखणं आणि लक्ष ठेवणं हे दोन भाग बहुतेक करून बायकांच्या अंगावर होते. म्हणजे मीटिंगला आपण हजर, आणि मीटिंगच्या आधीचं नि नंतरचं सगळं तिच्याकडे. ओळखीचं वाटतंय का काही?

आता आकडे. आपल्या सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरच्या ज्या लोकांनी घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम केलं, त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ काढला. बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. ही पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बायकांचा वेळ २८९ मिनिटांवर आला, पुरुषांचा ८८ वर. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली तर आपणही लगेच नऊ कमी करून घेतली! आणि लक्षात घ्या, यात फक्त काम करणारे पुरुष धरले आहेत. ज्यांनी त्या दिवशी काडी हलवली नाही ते या सरासरीत आलेलेच नाहीत.

हे सगळं मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवलं. मग काय विचारता! सहा डबे उघडे (त्यातले पाच बायकांनी किंवा आयांनी भरलेले, एक कँटीनचं ताट) आणि सहा वकील. त्यांची म्हणणी एकेक करून घेतो, कारण ती तुमचीही असणार.

"मी तर बायकोला खूप मदत करतो बुवा." हा शब्द आधी फेकून द्या. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. शेजाऱ्याचा सोफा जिन्यावरून चढवायला हात लावला तर ती मदत. स्वतःच्या पोटात जाणाऱ्या जेवणासाठी कांदा चिरला तर ती मदत कशी? आणि मदत करणारा माणूस काय म्हणतो? "सांग ना, काय करू?" म्हणजे तिने विचार करायचा, कामाचे तुकडे पाडायचे, मला झेपेल असा तुकडा निवडायचा, समजावून सांगायचा, मी केलेला तपासायचा आणि वर 'थँक्यू'ही म्हणायचं. ऑफिसात असा ज्युनिअर मिळाला तर आपण महिन्याभरात मॅनेजरकडे तक्रार घेऊन जातो.

"मला काहीही चालतं, माझ्या काही मागण्याच नसतात." पूर्वी मीही अभिमानाने हेच सांगायचो. ज्या क्लायंटला "काहीही चालेल" असतं त्याच्याबरोबर काम करून पाहिलंय ना? तो सगळ्यात भयंकर. कारण ठरवायची सगळी जबाबदारी तो तुमच्यावर ढकलतो आणि ताट समोर आल्यावर म्हणतो, "अरे, परत दुधी?"

"रविवारी पूर्ण किचन माझं असतं." हे रविवारचे शेफ! मिसळ नाही तर बिर्याणी. सकाळपासून घरात गडबड, फोनवर व्हिडिओ चालू, चौदा भांडी, ओट्यावर तेलाचे ओघळ, मग फोटो, मग सासूबाईंपर्यंत कौतुक. छानच आहे, मीही केलंय. पण तो छंद झाला. छंद आपल्याला हवा तेव्हा करता येतो. मंगळवारी रात्री पावणेआठला, डोकं दुखत असताना, फ्रिजमध्ये अर्धा कोबी आणि दोन टोमॅटो असताना जे करावं लागतं त्याला रोजचा स्वयंपाक म्हणतात. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

"पण बाकीची कामं मीच करतो की. गाडीचं सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, बँक, टॅक्स." करतो, खरं आहे. पण सर्व्हिसिंग या शनिवारी नाही तर पुढच्या शनिवारी. टॅक्स वर्षातून एकदा. यातलं कुठलंही काम दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी समोर उभं राहत नाही. इन्शुरन्सच्या हप्त्यामुळे कोणी बढती नाकारल्याचं तुम्ही ऐकलंय का?

"तिला आवडतं रे स्वयंपाक करायला. आणि ती माझ्यापेक्षा छान करते." विचारलंय का कधी? मी विचारलं. बायको म्हणाली, "दिवाळीत चिवडा करायला आवडतो. बुधवारी दोडका करायला कोणाला आवडेल?" आणि छान करते त्याचं कारण सवय. लग्न झालं तेव्हा तिलाही भाताला पाणी किती ते माहीत नव्हतं, होस्टेलवर वाढलेली मुलगी. फरक इतकाच की ते शिकणं तिने पहिल्या महिन्यात गृहीत धरलं आणि मी सहा वर्षं पुढे ढकललं. "येत नाही" ही सबब तर पार जुनी झाली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, त्यात वाटी-चमच्याचं माप दिलंय. नवख्या माणसालाही जमावं म्हणूनच ते माप. कपाटातलं ते पुस्तक सासूबाईंनी माझ्या बायकोला दिलं होतं. मला कोणी दिलं नाही हे खरं, पण ते कपाट माझ्याही घरातच होतं ना?

"मग स्वयंपाकाला बाई ठेव, नाहीतर मागव. भांडण कशाला?" ज्यांना परवडतं त्यांनी जरूर ठेवावी आणि पगार नीट द्यावा. पण बाईंना आज काय करायचं ते कोण सांगणार, भाजी कोण आणणार, त्या आल्या नाहीत तर काय? आणि मागवण्याबद्दल म्हणाल तर सलग चार दिवस मागवलेलं खाऊन पाचव्या दिवशी वरण-भाताची आठवण काढणारा कोण असतो? मीच असायचो.

असो. नुसते वाद घालून पोट भरत नाही. बायकोला या वेळी 'हो' म्हणायचं होतं, आणि माझ्याकडे दोन आठवडे होते.

सगळ्यात आधी मी कॉल मोजले. अमेरिकेतल्या टीमला घाबरत घाबरत विचारलं, पाच कॉल लागतातच का? दोन दिवसांनी उत्तर आलं, दोन पुरतील. चार वर्षं मी ज्यांच्यासाठी हेडफोन लावून जेवलो त्यातले तीन कॉल कोणालाच नको होते! फक्त कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गरज मला पडली नव्हती, कारण ताट येत होतं.

मग वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे कॉल, म्हणून ते दिवस माझे. मंगळवार-गुरुवार माझे कॉल, ते दिवस तिचे. शनिवार आळीपाळीने. रविवारी रात्री उरलंसुरलं, फोडणीचा भात किंवा फोडणीची पोळी. ज्याचा वार त्याचं सगळं: ठरवणं, आणणं, भिजवणं, शिजवणं, उरलेलं काढून ठेवणं आणि ओटा पुसणं. मावशींना सांगणंसुद्धा. आणि तीन नियम. एक, ज्याचा वार आहे त्याने "काय करू?" असं विचारायचं नाही. दोन, ज्याचा वार नाही त्याने स्वयंपाकघरात डोकावायचं नाही. तीन, ताटात येईल ते खायचं.

पहिला सोमवार. मुगाच्या डाळीची खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी. चूक व्हायला जागाच नाही असं मला वाटलं. फोडणीत हळद घालायच्या आधी गॅस कमी करायचा राहिला आणि हळद करपली. बुधवारी पिठल्यात गुठळ्या, कारण उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं. ते गार पाण्यात आधी कालवून घेतलं तर गुठळ्या होत नाहीत हे शुक्रवारी कळलं. दुसऱ्या आठवड्यात उसळ ठरवली आणि मटकी भिजवायची आठवण सोमवारी संध्याकाळी सहाला झाली, कंपनीच्या बसमध्ये. त्या रात्री पोहे.

दुसरा नियम तिला जड गेला, हेही लिहायला हवं. मी कांदा चिरत असताना ती पाणी प्यायला म्हणून आत यायची आणि तिचा चेहरा असा व्हायचा की जणू कोणी तिच्या मॉड्यूलमध्ये न विचारता बदल करतंय. दोनदा तिने माझ्या हातातून सुरी घेतली. एकदा मी पुसलेला ओटा परत पुसला. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तू करणारच असशील तर मी कशाला करतो?" असं मी म्हणालो, आणि ती म्हणाली, "आई आली की ओटा बघून कोणाला बोलेल, तुला की मला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घर अस्ताव्यस्त दिसलं तर नावं तिलाच ठेवली जाणार, मी कितीही वार वाटून घेतले तरी. एवढंच केलं की पुढच्या वेळी सासूबाई आल्या तेव्हा तो माझा वार होता, आणि "आज ओटा माझ्याकडे आहे" असं मी दारातच सांगून टाकलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. माझ्या आईला तर फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "भाजणी पाठवते. थालीपीठ सोपं असतं."

मला वाटलं होतं, सगळ्यात अवघड जाईल तो प्रत्यक्ष स्वयंपाक. तो महिन्याभरात हाताला लागला. अवघड गेलं ते दुसरंच. दुपारी तीन वाजता डिझाईन रिव्ह्यूमध्ये बसलेलो असताना मनात येतं, अरे, दूध संपलंय, आज विरजण कसं लागणार? हा विचार कोणी पाठवत नाही, आपोआप येतो आणि जात नाही. बायकोच्या डोक्यात तो सहा वर्षं होता, तिच्या प्रत्येक रिव्ह्यूमध्ये, प्रत्येक रिलीजमध्ये. आणि मी घरी येऊन तिला म्हणायचो, साधंच काहीतरी कर.

ती आता लीड आहे, एक वर्ष झालं. त्याआधीचं दीड वर्ष काही परत येत नाही. तिच्या बरोबरीचा जो मुलगा तेव्हा लीड झाला तो आज तिच्यापेक्षा एक पायरी वर आहे. त्याच्या घरी ताट कोण वाढतं हे मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

म्हणून लग्न ठरलेल्या आणि नुकत्याच झालेल्या मित्रांना एकच सांगणं. 'मदत' करू नका. आठवड्यातले तीन वार घ्या आणि ते पूर्ण घ्या, डोक्यासकट. पहिल्या महिन्यात करपेल, गुठळ्या होतील, पोह्यांवर भागवावं लागेल. होऊ द्या. आपण नवीन लँग्वेज शिकताना याहून मोठ्या चुका करतो आणि कंपनी वर पगार देते. आणि उद्यापासून 'साधंच काहीतरी' असं म्हणायचं असेल तर पदार्थाचं नाव घेऊन म्हणा, त्याला काय काय लागतं ते सांगा आणि मग उठून ते तुम्हीच करा.

चला, थांबतो. काल रात्री भिजवलेली मटकी उपसून बांधायची आहे. उद्या सोमवार.